शिकवणाऱ्या बाईंच्या बाई – ताराबाई मोडक



गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या ताई प्रशिक्षणासाठी तालुक्याला गेल्या होत्या. त्या दिवसांत मदतनीस काकूंनी अंगणवाडी उघडली, मुले जमली, खिचडीही झाली. तरी पारावर कुरकुर झालीच. पोरं राखायला आणि खिचडी वाटायला कसलं आलंय शिक्षण, असे एका आजोबांनी सगळ्यांसमोर विचारले. मी तिथेच होतो, पण मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन आईला विचारले, तर तिलाही नीट सांगता येईना. मग गुरुजींना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, कपाटातून एक पुस्तक काढून दिले आणि या खेपेचे थोरांची ओळख हे सदर तूच लिही म्हणाले. म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, पण उभ्या उभ्या का होईना, पुरता वाचा.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. त्यामुळे मुलीला शाळेत घालायचे की नाही, हा प्रश्न त्या घरात आला नाही. बाहेर मात्र मुलगी शिकते म्हटले की नावे ठेवणारे पुष्कळ होते. ताराबाई शिकत राहिल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या.

पुढे लग्न झाले. यजमान अमरावतीला वकील होते. पण हा संसार टिकला नाही आणि दोघे वेगळे झाले. पदरात लहान मुलगी, नवऱ्याचा आधार नाही, आणि काळ तर तसला. आजही असे झाले तर गावात काय काय बोलतात ते आपण ऐकतोच. ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्या गुजरातेत राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्य झाल्या. हे कॉलेज म्हणजे शिक्षिका तयार करण्याची शाळा. पगार होता, मान होता, हाताखाली माणसे होती. एखादी बाई म्हणाली असती, चला, आता आयुष्य मार्गी लागले.

पण ताराबाईंना आपल्या लहानग्या मुलीची काळजी लागली होती. एवढ्या लहान मुलाला शिकवावे कसे? कॉलेजात मोठ्या मुलांना शिकवायचे ते सारे सांगता येत होते. तीन वर्षांच्या मुलाचे काय करायचे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. तशा वयाचे मूल म्हणजे नुसते सांभाळायचे, रडले तर गप्प करायचे, असेच सगळे धरून चालत. (पारावरचे आजोबाही तेच धरून चालतात.)

त्याच सुमारास काठेवाडातच, भावनगरला, एक नवल चालले होते. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केले. इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी एक घर उघडले होते. तिथली पद्धत वाचून गिजुभाई भारावून गेले होते. त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि मुलांवर माया आईसारखी, म्हणून गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, पहिला नंबर नव्हता. मुले स्वतः पाणी ओतत, झाडत, बटणे लावत, गोष्टी ऐकत, गाणी म्हणत.

ताराबाईंनी हे काम पाहिले आणि १९२३ साली राजकोटचे मुख्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. मी पुस्तकातले हे पान दोनदा वाचले. माणूस खालच्या जागेवरून वरच्या जागेवर जातो हे आपण पाहतो. मुख्य असलेली बाई आपण होऊन पुन्हा शिकाऊ होते, हे मी पहिल्यांदाच वाचले. शिवाय हे सगळे बालवाडीसाठी!

तिथे शिकायचे तरी काय होते? मला आधी वाटले, गाणी आणि खेळ. तेही होतेच. पण सगळ्यात अवघड धडा निराळाच होता. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत बाईने आधी पाहायला शिकायचे असते. मूल काय करते, कशात रमते, कुठे अडते, हे गप्प बसून पाहायचे आणि टिपून ठेवायचे. मूल सदऱ्याचे बटण लावत असेल तर त्याला दहा मिनिटे लागू द्यायची. आपले हात शिवशिवतात, पण मध्ये पडायचे नाही. मी हे आईला वाचून दाखवले तर ती हसली. सकाळच्या घाईत तिला ते परवडत नाही म्हणे. ते खरेच आहे. म्हणूनच तर बालवाडीत तसे शांत राहणारे कुणीतरी हवे, आणि तसे राहणे कुणाला आपोआप येत नाही. रागीट बाई शांत व्हायची तर तिलाही कुणीतरी शिकवावे लागते.

गुजरातेत ताराबाईंना ताराबेन म्हणू लागले. त्या आणि गिजुभाई जोडीने काम करू लागले. लवकरच एक गोष्ट दोघांच्या ध्यानात आली. भावनगरचे बालमंदिर कितीही चांगले असले तरी मुले किती येणार? एका गावची, तीही थोडीच. दुसऱ्या गावच्या लोकांना आपल्याकडे असे बालमंदिर हवे असले, तर जागा मिळेल, सामानही मिळेल, पण ते चालवणारी बाई कुठून आणायची? म्हणून बालमंदिराबरोबर अध्यापन मंदिर आले, म्हणजे बालशिक्षक तयार करण्याची शाळा. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक निघू लागले. ते आधी गुजरातीत होते. पुढे मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंनी उचलला. शिकून गावी परत गेलेल्या बाईला एकटे वाटू नये, काही अडले तर वाचायला मिळावे, असा या मासिकाचा मोठा उपयोग होता. आता आमच्या ताईंच्या फोनवर सगळे येते. तेव्हा पोस्टमनची वाट पाहावी लागे.

मला वाटते, बालवाडीच्या मुख्य बाईला किती कामे येतात हे आपल्या लक्षातच येत नाही. मुलांची गाणी-गोष्टी यायला हव्यात, ताप आलेले मूल ओळखता यायला हवे, हजेरी आणि हिशेब लिहायला हवेत, हाताखालच्या बाईला न दुखवता चूक सांगता यायला हवी, आणि आयाबापांशी बोलता यायला हवे. शेवटचे सगळ्यात कठीण असावे! ताराबाईंच्या शिकवण्यात मुलांइतकेच महत्त्व पालकांना होते. त्यांनी आईबापांसाठी पुष्कळ लिहिले.

ताराबाई पुढे मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले आणि तिथेही मुलांच्या वर्गाबरोबर बालशिक्षिका तयार करण्याचे काम सुरू झाले. १९३९ साली गिजुभाई वारले. बरोबरीने काम करणारा माणूस गेला, आणि संघाचा गाडा ओढायला ताराबाई पुढे राहिल्या. शिशुविहारचे नाव झाले. शहरातले लोक मुलांना तिथे घालायला उत्सुक असत.

इथेच थांबल्या असत्या तरी आपण त्यांना थोर म्हटले असते. पण त्यांच्या मनाला एक टोचणी होती. दादरला येणारी मुले शिकलेल्या घरची होती. मॉन्टेसरीचे सामान, म्हणजे लाकडी ठोकळे, दट्टे, मनोरे, खरखरीत कागदाची अक्षरे, हे सारे महागडे. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची भ्रांत, त्याच्या मुलाने हे कुठे पाहायचे? आणि देशातली बहुतेक मुले तर खेड्यातच होती. महात्मा गांधींच्या विचारांचा ओढाही त्यांच्या मनाला होताच. शेवटी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून बोर्डी गाठले.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. गुजरातची हद्द अगदी जवळ. चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे, कोळीवाडा, आणि आतल्या बाजूला वारली लोकांचे पाडे. आचार्य भिसे यांचे शिक्षणाचे काम त्या भागात आधीपासून चालू होते. २४ डिसेंबर १९४५ ला तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

या कामाला एक जोडीदारीण मिळाली, ती अनुताई वाघ. अनुताईंची गोष्ट वेगळ्या लेखात लिहायला हवी, पण थोडक्यात सांगतो. जन्म १९१० साली मोरगावचा. लहानपणी लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत वैधव्य आले. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्यात हुजूरपागेत कितीतरी वर्षे शिकवत होत्या. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर होते, तिथे त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली. खेड्यात बालशिक्षणाचे काम करायला कोण येते, असे ताराबाईंनी विचारले आणि अनुताई निघाल्या. पुण्याची शाळा सुटली ती कायमची.

आता खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे फजितीच! या दोघी काही नवशिक्या नव्हत्या. एकीला बालशिक्षणाचा वीस वर्षांहून जास्त अनुभव, दुसरी पुण्याच्या नामांकित शाळेतली बाई. बोर्डीत बालवाडी मांडली, आणि ज्यांच्यासाठी मांडली तीच मुले येईनात. गावातली बऱ्या घरची मुले आली. दूरच्या, गरीब, त्या वेळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुले आली नाहीत. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते. कुणाच्या अंगावर धड कापड नव्हते. कुणाच्या आईला वाटे, त्या चांगल्या कपड्यांतल्या लोकांत आपले मूल कसे बसायचे.

अशा वेळी दुसऱ्या कुणी म्हटले असते, आम्ही सोय केली होती, या लोकांनाच शिक्षणाची आवड नाही. अजूनही हे वाक्य पुष्कळदा कानावर येते. ताराबाईंनी दोष स्वतःच्या बालवाडीकडे घेतला. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाकडे जाईल. बाईने वस्तीत जायचे, कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, आणि तिथेच मुले गोळा करायची. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. एक ठरलेल्या जागेवरची मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांतल्या अंगणवाड्या, असे दोन प्रकार झाले. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो असा आला बरे का!

अंगणात गेल्यावर कामाचा क्रमच बदलला. आधी गाणे नाही, आधी आंघोळ. मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, नाक पुसायचे, आणि मग खेळ. शिकल्यासवरल्या बाईने परक्या वस्तीतल्या पोराचे नाक पुसावे, हे त्या काळी पाहणाऱ्यांना सोपे गेले नाही, आणि करणाऱ्या बाईलाही पहिल्या दिवशी सोपे गेले नसणार. म्हणून हाही शिक्षणाचाच भाग झाला. पण आया हे सारे दारात उभ्या राहून बघत. स्वच्छता, आजार, खाणे यांविषयी व्याख्यान देण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मुलाला आंघोळ घालणे जास्त कामाला येई.

सामानाचा प्रश्नही अंगणातच सुटला. लाकडी मनोऱ्याऐवजी शंखशिंपले, चिंचोके, वेगवेगळ्या बिया, पाने, फुले, खडे, काड्या, माती. लहानमोठे लावायचे, रंग ओळखायचे, मोजायचे, वजन हातात तोलायचे, तर समुद्रकाठी आणि रानात कमी आहे काय? पद्धत मॉन्टेसरीचीच ठेवली, वस्तू मात्र गावच्या घेतल्या. पण यातही एक मेख आहे. दुकानातून आणलेले सामान कसे वापरायचे ते ठरलेले असते. चिंचोक्यांचे काय काय करता येते, ते बाईच्या डोक्यात असावे लागते. म्हणजे सामान स्वस्त झाले की बाई जास्त शिकलेली लागते! हे मी गुजरातेतल्या आणि बोर्डीच्या गोष्टी शेजारी ठेवून ओळखले, कुणी सांगितले नाही.

म्हणून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालसेविका तयार करण्याचे काम सतत चालू राहिले. फार शिकलेल्या नसलेल्या बायाही हे काम शिकू शकतात, हे तिथे दिसून आले. मुलांच्या घरची बोली तिला कळत असेल, तर शहरच्या बाईपेक्षा ती एका पायरीने पुढेच.

मध्यंतरी, १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सभासदही होत्या. त्याविषयी पुस्तकात थोडेच आहे, म्हणून मीही पुढे जातो.

१९५७ साली केंद्राने मुक्काम हलवला. बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. आमच्याकडे पासष्टीची माणसे नातवंडे खेळवतात, आणि या टेकडी चढून वारल्यांच्या पाड्यांत निघाल्या. इथे अडचणी निराळ्या होत्या. सहासात वर्षांचे मूल घरातले कामाचे माणूस होते. सकाळी गुरे-बकऱ्या घेऊन ते कुरणात जाई. घरी राहिलेल्या मुलीच्या कडेवर तान्हे भावंड असे. शाळेची घंटा वाजली काय नि न वाजली काय!

मग शाळाच कुरणात गेली. बाई गुरांमागे जायची, गुरे चरायला लागली की झाडाखाली मुले जमवायची, पाने-दगड-किडे जे समोर असेल त्याच्यावर धडा. तिला कुरणशाळा म्हणत. तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, असे तिन्ही एकाच आवारात आणले, त्याचे नाव विकासवाडी. मोठी बहीण भावाला पाळणाघरात ठेवून शेजारीच वर्गात बसू शकली. किती साधी गोष्ट, पण ती सुचायला मुलगी शाळेत का येत नाही हे तिच्या घरी जाऊन पाहावे लागले. भावनगरला शिकलेला पाहण्याचा धडा इथे टेकडीवर उपयोगी पडला.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. मला मात्र त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट जास्त आवडली. १९६१ साली अनुताई पदवीची परीक्षा पास झाल्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! दिवसभर पाड्यांवरचे काम, आणि वर अभ्यास. त्या केंद्राचे काम सांभाळत होत्या, त्यांना कुणी पदवी विचारली नसती. पण ताराबाईंच्या सहवासात शिकणे संपते असे कुणी मानतच नसावे.

आणि एक. पुष्कळ थोर माणसे गेल्यावर त्यांचे काम बसते, कारण सगळे त्यांच्याच हातात असते. ताराबाईंनी अनुताईंना नुसते मदतनीस म्हणून वागवले नाही, हळूहळू सगळा कारभार त्यांच्या हाती दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या, तेव्हा कोसबाडचे काम थांबले नाही. अनुताई आणखी एकोणीस वर्षे, म्हणजे १९९२ साली स्वतः जाईपर्यंत, ते चालवत राहिल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आरंभी देशात तेहेतीसच ठिकाणी होती. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणाचे नाव आता भारतातल्या लाखो गावा-वस्त्यांच्या पाट्यांवर आहे. हे पाहायला ताराबाई नव्हत्या.

आमच्या वाडीतली पाटी निळ्या रंगाची आहे. प्रशिक्षणाहून आल्यावर ताईंनी घरोघर निरोप पाठवला, की चिंचोके, शंख, रिकाम्या काडेपेट्या, बांगड्यांचे तुकडे नव्हेत तर अख्ख्या जुन्या बांगड्या, जे असेल ते पाठवा. सगळ्यात जास्त चिंचोके आले ते पारावरच्या आजोबांकडून, चांगली दोन मापटी. त्यांच्या परसात मोठी चिंच आहे. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की हा लेख मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्यांनी या म्हटले आहे.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी